अनुसया, ते अजून त्या पोरीला शोधतायत

तुझा जलदानविधी झाला, पाहुणे पांगले, पोरगा पुण्याला परत गेला. घरात पीठ संपलं होतं म्हणून मी डबा घेऊन गिरणीत गेलो. रांगेत उभा होतो, तर पाठीमागून तू बोललीस.

"लक्ष द्या, लक्ष द्या. आज दुपारी शिवमंदिराच्या जत्रेतून एक मुलगी हरवली आहे. नाव तृषा. वय चार. अंगात लाल फ्रॉक, दोन वेण्या. कोणाला दिसली तर आहे तिथंच बसवून ठेवा, तिला हलवू नका आणि या नंबरला फोन करा."

मी वळलो. माणूस वळतोच गं. मागे एक अनोळखी बाई, हातात मोबाईल, डोळे भरलेले. मला म्हणाली, "बघा ना काका, कोणाचं लेकरू. आजच हरवलंय." आणि माझ्यासमोर भराभर तो मेसेज पुढे पाठवत सुटली.

मी म्हणालो, "बाई, थांबा. ही पोरगी दोन जत्रांमागे हरवली होती. त्याच संध्याकाळी सापडली. आणि बोलतेय ती माझी बायको."

ती माझ्यावरच चिडली. "मग त्यांना सांगा ना काका! लोकांना कळवा म्हणावं. आमचा जीव खालीवर होतो इथं."

मी म्हणालो, "सांगतो."

तर सांगतोय. ते अजून त्या पोरीला शोधतायत, अनुसया.

विहारातल्या मंडळींनी तुझ्यावर छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय. मला म्हणाले, बाबा, तुम्ही पण लिहा. मी चौथी शिकलेला, त्यातली अर्धी शाळा बुडवलेली. तुझं माहेर कुठलं, तू कुठल्या कंपनीत पॅकिंगला होतीस, महिला मंडळात काय काय केलंस, ते बाकीच्यांनी लिहिलंय. चांगलं लिहिलंय. वाचून मलाच वाटलं, कोण ही बाई, हिला एकदा भेटलं पाहिजे. एकीने लिहिलंय, अनुसयाताई मितभाषी होत्या. मी समोरच्या कविताला अर्थ विचारला. तुझ्यानंतर मंडळाचा ग्रुप आता तीच सांभाळते. तिने अर्थ सांगितला तेव्हा मी हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मितभाषी! पिंपावरून आयुष्यभर माझं डोकं खाल्लेली बाई.

शेजारचा बंटी हरवला तेव्हा आपली गल्ली नवीन होती. दुपारची वेळ. कोणीतरी ओरडलं, पोरगं स्टेशनकडे गेलं, आणि अख्खी गल्ली स्टेशनकडे धावली. तू धावलीस, मी धावलो, त्याची आई तर चपला न घालता धावली. फलाट पालथे घातले. आणि बंटी घरामागच्या उघड्या टाकीत होता. गल्लीतला एकेक माणूस स्टेशनवर, आणि टाकीपाशी कोणीच नाही.

त्यानंतर किती दिवस तू बोलली नाहीस. बोललीस तेव्हा एकच बोललीस, "आपण सगळे एकाच जागी का गेलो?"

तिथून तुझा कायदा सुरू झाला. पोर दिसेनासं झालं की आधी पाणी बघायचं. पिंप, टाकी, नाला. बाकीचं नंतर. कोणी नवीन भाडेकरू आला की तू त्याच्या दारात जाऊन हे सांगायचीस. बाळंत होऊन आलेल्या पोरीला पण सांगायचीस. मी म्हणायचो, "अगं, लेकरू अजून पाळण्यात आहे आणि तू पिंप पिंप काय लावलंयस? अभद्र कुठली."

"अभद्र बोलून पोरं मरत नाहीत. उघड्या पिंपाने मरतात." असं तुझं उत्तर.

मग घराघराला जागा वाटून दिलीस. कोणी वालधुनी नदीचा काठ धरायचा, कोणी रिक्षास्टँड, कोणी शाळेचं मागचं दार, कोणी पोलीस ठाणं. लोक म्हणायचे, पोलीस एक दिवस थांबा म्हणतात. तू म्हणायचीस, "ते म्हणतील तेव्हा बघू, तुम्ही आधीच कशाला थांबता? जा, आणि कागदावर घेईपर्यंत उठू नका." पोराच्या आईने मात्र घराचं दार सोडायचं नाही. पोर आपल्याआप परत आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर ते पुन्हा निघून जातं, असं तू सांगायचीस. आया ऐकायच्या नाहीत. एकीला तर तू दारात पाडून तिच्या पदरावर बसली होतीस. शिव्या खाल्ल्यास, पण उठली नाहीस.

टाकी मला दिलीस. दर वेळी टाकी मलाच. का मला, ते मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. प्रत्येक वेळी मी झाकण उचलायचो, आणि प्रत्येक वेळी आत नुसतं पाणी असायचं. मी परत येऊन मान हलवायचो. तू तेवढ्यापुरतं माझ्याकडे बघायचीस. लग्नात पण तसं बघितलं नव्हतंस.

पोरांना पण धरून बसवायचीस. "आईचं नाव काय रे?" "मम्मी." "अरे, पूर्ण नाव! आणि बापाचं?" तो कविताचा धाकटा सांगायचा, "अहो ऐकलं का." गल्लीभर हशा. कविताचा नवरा अजून त्या नावाने ओळखला जातो. आणि तुझा तो परवलीचा शब्द. कोणी म्हणालं, तुला आईने बोलावलंय, चल, तर पोराने विचारायचं, आईने कुठला शब्द सांगितलाय? सगळ्या गल्लीचा शब्द शेपू. मी म्हणालो, शेपू कशाला, चांगला काहीतरी ठेव. तू म्हणालीस, "चोर चॉकलेट म्हणेल, आईसक्रीम म्हणेल. जन्मात शेपू म्हणणार नाही."

तेव्हा सगळं विहाराच्या भोंग्यावर चालायचं. पोर हरवलं की तू धापा टाकत जायचीस, माईक घ्यायचीस. लक्ष द्या, लक्ष द्या. भोंगा ऐकला की ज्याने त्याने आपापली जागा धरायची. पोर सापडलं की पुन्हा भोंगा, सापडलं हो. भोंग्याचं एक बरं असतं. बोललेलं वाऱ्यावर जातं. दुसऱ्या दिवशी उरत नाही.

तू देवळात कधी गेली नाहीस. आपण विहारात जाणारी माणसं. पण महाशिवरात्रीची जत्रा तू कधी चुकवली नाहीस. मंडळाच्या बायका घेऊन पुलाच्या अलीकडे मांडव टाकून बसायचीस. हरवलेली पोरं तुझ्याकडे यायची, रडून रडून उलट्या करायची, तू त्यांना लिमलेटची गोळी द्यायचीस. मला म्हणायचीस, "देव आत आहे, तो बघेल आतलं. बाहेर गर्दी आहे, ती मी बघते."

तृषा हरवली त्या वर्षी नेमका माईक बंद पडला. आजूबाजूला पाळण्यांचे भोंगे, खेळण्यांच्या पिपाण्या, तुझं ओरडणं मांडवाच्या बाहेर जाईना. चामटोलीचा विलास आला. आनंदनगरच्या कंपनीत कामाला असलेला काळासावळा पोरगा, डोळे बाहेर आलेले. पोरगी सुटली होती हातातून. बायको तान्ह्या लेकराला घेऊन घरी. त्याच्या मोबाईलमध्ये पोरीचा सकाळचा फोटो होता. तेव्हा कविता म्हणाली, "मावशी, मोबाईलमध्ये बोला, फोटोसकट सगळ्या ग्रुपवर टाकते." तू मोबाईल तोंडाशी धरलास आणि भोंग्यावर बोलतात तशी बोललीस.

आज दुपारी.

भोंग्यावर आज म्हणजे आजच असतं. तू दुसरं काय म्हणणार होतीस?

आणि ते चाललं, हेही लिहिलं पाहिजे. पुलाच्या पलीकडे एक बांगड्यावाली बसली होती. पोरगी तिच्याजवळ रडत आली होती. तिच्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर तू बोललीस, हलवू नका म्हणालीस, म्हणून तिने हलवली नाही. विलास पोचला तेव्हा पोरीच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. तिने रडू थांबवायला भरल्या होत्या. तू पोरीला मांडीवर घेतलंस, विलासला खूप बोललीस आणि पुन्हा मोबाईलमध्ये ओरडलीस, "सापडली हो, सापडली! सगळ्यांचे आभार."

त्या दुसऱ्या मेसेजवर लोकांनी अंगठे दिले. हात जोडले. फुलं टाकली. आणि तिथंच ठेवला. पुढे पाठवला नाही कोणी. कशाला पाठवतील? हरवली म्हटलं की बोट शिवशिवतं, सापडली म्हटलं की माणूस निवांत जेवायला बसतो.

पहिला मात्र गेला. अंबरनाथातून उल्हासनगरला, उल्हासनगरातून बदलापूरला, कुठून कुठे. वर्ष गेलं तरी आज दुपारीच. तुझा मोबाईल वाजायचा. "अहो, सापडली का पोरगी?" तू न कंटाळता सांगायचीस, सापडली. तो उल्हासनगरचा कापडवाला सिंधी तर दर सणाला फोन करायचा. "माताजी, बच्ची मिली?" "मिली रे साईं, कब की मिली." "फिर आज किसने भेजा?" "तेरेको किसने भेजा उसको पूछ, मेरेको क्या पूछता है!" दोघं हसायचात. त्याला तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं.

मी म्हणायचो, नंबर बदल. तू म्हणायचीस, "आणि एखादा खरा असला तर?" तरी मी भांडायचो. दवाखान्यात तुझ्या नाकात नळी, आणि उशीखाली मोबाईल. वाजला की तू नळीसकट उठायला बघायचीस. नर्स ओरडायची. मी पण ओरडायचो. "जीव चाललाय तुझा, आणि तुला लोकांच्या पोरी!" तू हाताने गप्प बस म्हणायचीस आणि फोनमध्ये घोगऱ्या आवाजात एवढंच, "सापडली."

शेवटी शेवटी श्वास पुरेना तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. मी कान पुढे केला. माझे कान प्रेसच्या मशीनवर गेलेले, तुला दोनदा सांगावं लागलं. "अहो, मी आज म्हणाले. तारीख नाही सांगितली. बरं वाटलं की नीट बोलते परत."

मी म्हणालो, "पड आता."

बरं वाटलं नाही.

आता खरं सांगू? तू गेल्यावर मोबाईल मी चार्जिंगला लावून ठेवला. फोन येतात. मी उचलतो. "सापडली का हो?" सापडली. "बरं झालं बाई! मावशींना द्या ना, बोलते त्यांच्याशी." मी म्हणायचो, बाहेर गेलीय. आंघोळीला गेलीय. दळण आणायला गेलीय. फोन ठेवला की घर असं वाटायचं, जसं तू खरंच कुठे गेली आहेस आणि येशील. त्या लोकांसाठी तू जिवंत होतीस. त्यांच्यात बसलं की मलाही वाटायचं.

पण एक सांगतो. रिक्षात, चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकड्यावर तू कुठूनही बोलायला लागतेस, आणि मला दचकायला होतं. आनंद होत नाही. कारण तो तुझा भोंग्याचा आवाज आहे. घरातला नाही. "चहा निवतोय, गिळा" म्हणायचीस तो कुठे आहे? तो कोणाच्याच मोबाईलमध्ये नाही. हाकारून बोलणारी तू गावभर फिरतेस, आणि माझ्याशी भांडणारी तेवढी गेली.

मग एका सोमवारी विलास आला.

दार उघडंच होतं. उंबऱ्यात उभा राहून त्याने आवाज चढवला. "मावशी कुठंय? बाहेर बोलवा तिला." गालावर वळ, शर्टाचा खिसा फाटलेला. मी बाजूला झालो. त्याला भिंतीवरचा तुझा फोटो दिसला, खाली मेणबत्ती. त्याचं तोंड उघडंच राहिलं. भांडायला आला होता आणि भांडायला माणूसच नाही. खाली बसला. मी पाणी दिलं.

"कधी?" म्हणाला.

सांगितलं.

"मला कोणी कळवलं नाही, बाबा."

मग हळूहळू त्याने सांगितलं. आदल्या दिवशी तो तृषाला घेऊन बदलापूरच्या बाजारात गेला होता. भाजी घ्यायला. दोन बायकांनी पोरीकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं. फोटो जुना, पण डोळे तेच, वेण्या त्याच. "ए, ही कोणाची मुलगी?" विलास म्हणाला, माझी. "तुझी? ही तर हरवलीय. आज हरवलीय." पोरगी गोरी, आईवर गेलेली. हा असा. लोक जमले. कोणी पोरीला विचारलं, हा तुझा कोण? पोरगी घाबरून रडायला लागली. रडली म्हटल्यावर लोकांची खात्रीच झाली. कोणीतरी पहिला मारला, मग काय. त्याची बायको रेश्मा घरून धावत आली, तिने बारशाचे फोटो दाखवले, पोलीस आले, तेव्हा सुटला. एक माणूस सॉरी म्हणाला. म्हणाला, आमचा हेतू चांगला होता.

मी म्हणालो, "मार जास्त लागलाय का?"

"मार जाऊ द्या हो." त्याचा आवाज फाटला. "पोरगी आता बाहेर माझा हात धरत नाही. मी हात पुढे केला की मागे घेते. म्हणते, पप्पा, मी हात धरला की तुला मारतात."

अनुसया, तू सगळ्या गल्लीच्या पोरांना काय शिकवलंस? गर्दीत मोठ्यांचा हात सोडायचा नाही.

विलास उठला. फोटोकडे बघून मला म्हणाला, "मावशीने माझी पोरगी शोधून दिली, मी तिच्या पाया पडतो. पण तिचा आवाज बंद करा, बाबा. कसा करायचा ते मला माहीत नाही. पण बंद करा."

तो गेल्यावर मी तुझ्याशी भांडलो. मोठ्याने. कविता दारात येऊन गेली. मेल्यावर पण काम ठेवून गेलीस म्हणालो. तुझ्या माहेरचा उद्धार केला. आणि मग लक्षात आलं की तू हे मला सांगूनच गेली होतीस. नीट बोलते परत. तू बोलणार होतीस. आता तू नाहीस, नंबर तुझा, मोबाईल माझ्याकडे. दुसरं कोण बोलणार?

आणि हेही कळत होतं, की मी बोललो की फोन बंद होतील. मावशींना द्या म्हणणारं कोणी उरणार नाही.

ठरवायला मला वेळ लागला नाही. करायला लागला.

विलास, रेश्मा आणि तृषा आले. कविता मोबाईल घेऊन समोर बसली. आधी भांडण फोटोवरून. रेश्मा म्हणाली, "परत माझ्या पोरीचा फोटो नको. आता कोणाच्या मोबाईलमध्ये तिचं तोंड जायला नको." बरोबर होतं तिचं. पण फोटोशिवाय लोकांना कळणार कसं, कुठली पोरगी? शेवटी कविताने तोच जुना फोटो घेतला आणि तोंडावर हिरवी पट्टी मारून वर लिहिलं, सापडली.

मग माझं बोलणं. मी सुरू केलं तशी कविता म्हणाली, "बाबा, ओरडू नका. मोबाईल आहे, समोरचा डोंगर नाही."

"मला ऐकू येत नाही तर मी काय करू?"

"तुम्हाला ऐकायचं नाहीये, लोकांना ऐकायचंय."

पुन्हा. "सगळ्यांना जय भीम." ती म्हणाली, "नमस्कार पण म्हणा, सगळीकडे जाणार आहे." पुन्हा. मध्येच शिट्टी झाली कुकरची. पुन्हा. विलासला हसू आलं, वळ दुखले म्हणून गाल धरून हसला. कविता म्हणाली, "सुरुवातीला मावशींचा आवाज लावू का थोडा? लोकांना ओळख पटेल." मी म्हणालो, अजिबात नाही. लोक सुरुवातच ऐकतात, शेवट कोण ऐकतं? तिचा आवाज आला की परत धावतील.

मग मी म्हणालो, "ती बोलणारी बाई माझी बायको होती. ती वारली."

कविताने मोबाईल खाली केला. "बाबा, ते कशाला?"

"नाहीतर तिला फोन करत बसतील."

तृषा कोपऱ्यात बसली होती. आता पहिलीत आहे. तिने विचारलं, "आजी हरवली?"

मला पोरांशी गोड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हणालो, "नाही. मेली."

"मग मेसेज टाका ना, सापडेल."

"हरवलेल्याला शोधायचं असतं, बाळा. मेलेल्याला नाही."

तिने मान डोलावली. तिला पटलं. मला अजून पटायचं आहे.

शेवटी झालं. आधी तारीख सांगितली, महिना सांगितला, साल सांगितलं. शिवमंदिराच्या जत्रेतली लाल फ्रॉकवाली मुलगी त्याच दिवशी सापडली. आईबापाजवळ आहे. तिला शोधू नका. तिच्या बापाला धरू नका. तो जुना मेसेज पुसून टाका. बोलणारी बाई माझी बायको, ती आता नाही. खात्री करायची असेल तर हाच नंबर, मी उचलीन.

कविताने पाठवला. ग्रुपमधून ग्रुपमध्ये गेला. आणि बघ, सापडली हे कोणी पुढे पाठवलं नव्हतं, पण वारली हे पाठवतायत. लोक खाली लिहितायत, अरेरे, ज्या माउलीने शोधलं तीच गेली. हात जोडतायत आणि पुढे ढकलतायत. तू जिवंतपणी ओरडून सांगितलेली चांगली बातमी एका ग्रुपच्या बाहेर पडली नाही. तुझं मरण पाठीवर घेऊन गावोगाव गेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, चला, कामाला तर आले.

त्या सिंधी कापडवाल्याचा फोन आला. "माताजी?" म्हणाला. बराच वेळ दोघं तसेच फोन धरून बसलो. मग तो म्हणाला, "बच्ची ठीक है ना?" मी म्हणालो, ठीक है. त्यानंतर त्याचा फोन नाही. दुसऱ्यांचेही कमी झाले. कधी दिवस दिवस मोबाईल वाजत नाही. मी उचलून बघतो, बंद तर पडला नाही ना. बंद नसतो.

काल रविवार. मी विलासला म्हणालो, मीही येतो बाजारात. तो म्हणाला, कशाला बाबा, गर्दी असते. मी म्हणालो, म्हणूनच.

बदलापूरचा तोच बाजार, तीच भाजीची ओळ. विलास पुढे, रेश्मा धाकट्याला कडेवर घेऊन, आणि तृषा कोणालाच न धरता मध्ये चाललेली. हात दोन्ही फ्रॉकच्या खिशात. खिसा सोडायची नाही. एक मेथीवाली पोरीकडे टक लावून बघायला लागली. विलासचा चेहरा उतरला. मी पुढे झालो. बाईने मला विचारलं, "बाबा, ही जत्रेतली ना? सापडलेली?"

"हो. आणि तो तिचा बाप."

"माहिती आहे ना. तो मेसेज आला. त्या आजी वारल्या ना?" तिने विलासकडे बघितलं आणि एक जुडी जास्त टाकली पिशवीत. "जा रे दादा. कोणी काही म्हणालं तर माझ्याकडे ये."

विलासने हात पुढे केला. तृषाने बघितलं. त्या हाताकडे बघितलं, आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं. आणि खिशातून एक हात काढून माझा धरला. बापाचा नाही. म्हाताऱ्याला कोण मारणार, असा हिशोब असेल तिचा.

घामेजलेला, एवढासा हात. मी घट्ट धरला. विलास दोन पावलं पुढे चालत राहिला, मागे न बघता, पण त्याचा हात तसाच थोडा मागे, उघडा. मी पोरीला त्या हाताच्या जवळ जवळ नेत होतो. बाजार संपेपर्यंत तेवढंच जमलं.

पुढच्या रविवारी परत जातोय.